माणूस अचानक कोसळला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावं

माझे मामा सत्यनारायणाच्या पूजेनंतर जेवायला बसले आणि ताटावरच कोसळले. आम्ही पंधरा माणसं भोवती होतो. कुणी पाण्याचा हबका मारला, कुणी कांदा फोडून आणला. मामांच्या घशातून थांबून थांबून घरघर ऐकू येत होती, म्हणून सगळे म्हणाले, "श्वास चालू आहे, घाबरू नका." तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर काही मिनिटं माणूस असे आचके देतो. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मी नंतर प्रशिक्षण घेतलं. त्यात शिकलेलं इथे लिहिते आहे, तुमच्या घरात कुणाला तरी ते आधीच ठाऊक असावं म्हणून.

आधी हाक, मग फोन, मग छातीकडे नजर

विजेचा धक्का बसला असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. मग दोन्ही खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. तान्ह्या बाळाच्या तळपायावर टिचक्या मारा. प्रतिसाद नसेल तर १०८ किंवा ११२ ला फोन लावा. "कुणीतरी फोन करा" असं ओरडलं की कुणीच करत नाही. एकाकडे बोट दाखवून सांगा, "तू लाव, स्पीकरवर ठेव." दुसऱ्याला गल्लीच्या तोंडाशी पाठवा, लिफ्ट अडवून ठेवायला सांगा.

आता हनुवटी हलकेच वर उचला आणि १० सेकंद छाती-पोट बघा. लयीत वरखाली होतंय का? अधूनमधून जबडा हलतोय, घोरल्यासारखा आवाज येतोय, पण छाती नीट हलत नाही, तर श्वास बंद आहे असंच समजा.

श्वास नसेल तर छाती दाबा

पलंगावरून जमिनीवर घ्या. गादीवर दाब वाया जातो. गुडघे टेकून शेजारी बसा. एका तळहाताची टाच छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. हे जोराचं काम आहे, दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका, बरगडी जुळते. हृदय बंद राहिलं तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

तोंडाने श्वास द्यायला शिकला असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. नसाल तर नुसती छाती दाबत राहा. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर मात्र श्वास देणं फार महत्त्वाचं असतं, एवढ्यासाठी तरी एकदा प्रशिक्षण घ्याच. विमानतळावर, मोठ्या मॉलमध्ये एईडी (थांबलेल्या हृदयाला गरज असेल तर विजेचा झटका देणारं) यंत्र असेल तर मागवा. चालू केलं की काय करायचं ते यंत्रच सांगतं.

श्वास आहे, पण शुद्ध नाही

पाठीवर पडलेल्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, उलटी श्वासनळीत जाते. म्हणून कुशीवर वळवा. तुमच्या बाजूचा त्याचा हात काटकोनात पसरवा, दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्या गालाखाली धरा, पलीकडचा गुडघा दुमडून तोच तुमच्याकडे ओढा. अंग सहज वळतं. तोंड किंचित जमिनीकडे असू द्या, श्वासावर लक्ष ठेवा. उंचावरून पडला किंवा अपघात झाला असेल तर मान वळवू नका. उलटी येऊ लागली तरच डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून वळवा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, गोळी काहीही घालू नका. मधुमेही माणूस घामाघूम होऊन असंबद्ध बोलतोय, पण गिळू शकतोय, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्या.

फिट आली तर

घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, चष्मा काढा, आजूबाजूचं सामान हटवा. हातपाय दाबून धरू नका. दातखीळ बसली म्हणून चमचा घालतात. त्याने दात तुटतात, जीभ गिळली जात नसतेच. चप्पल, कांदा हुंगवून फिट थांबत नाही. झटके ओसरले की कुशीवर घ्या. पाच मिनिटांच्या वर चालली, लागोपाठ दुसरी आली, पहिलीच असली किंवा बाई गरोदर असली तर रुग्णवाहिका बोलवा.

घशात अडकलं तर

खोकता येतंय तोवर खोकू द्या. "वर बघ, वर बघ" म्हणत टाळूवर थापट्या मारण्याचा उपयोग नाही. आवाज फुटत नाही, ओठ निळे पडतायत, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा मारा. नाही निघालं तर मागून मिठी घालून मूठ बेंबीच्या वर ठेवा आणि आत-वर असे ५ हिसके द्या. निघेपर्यंत हेच आळीपाळीने. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. पोट दाबायचं नाही. दिसत नसलेल्या गोष्टीसाठी बोट घालू नका, ती आणखी आत जाते. शुद्ध गेली तर छाती दाबायला लागा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका.

रस्त्यावर मदत करताना, आणि रुग्णवाहिका आल्यावर

अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे; नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

रुग्णवाहिकेतल्या माणसांना किती वाजता कोसळला, शेवटचं काय खाल्लं आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. गोळ्यांची पिशवीच सोबत द्या. पुढे डॉक्टर श्वासनळीत नळी घालायची म्हणतील, तेव्हा "व्हेंटिलेटर म्हणजे संपलं" या धास्तीने सहीला उशीर करू नका. ती नळी फुप्फुसात उलटी जाऊ देत नाही आणि प्राणवायू आत पोचवते, तोवर मूळ आजारावर उपचार सुरू होतात. मामांच्या गोळ्यांची पिशवी त्या दिवशी कपाटातच राहिली होती. आता आमच्या घरी ती दाराशी खुंटीला असते, आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: पत्ता, जवळची खूण, १०८.