चौघींनी व्हिएतनाम, टूरवाल्याशिवाय

तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं नंतर. आधी ठरवा, माणसं किती. आम्ही चार होतो: मी, माझी नणंद, बँकेतली एक मैत्रीण आणि शाळेतली एक. सगळ्या साठीच्या आसपास, दोघी पार्ल्याच्या, एक मुलुंडची, एक डोंबिवलीची. चारच का? हॉटेलात दोन खोल्या पुरतात, जेवायला एक टेबल पुरतं, आणि तिथल्या रेल्वेत सॉफ्ट स्लीपरची केबिन चार बर्थचीच असते. दार ओढलं की घर. पाचवीला नाही म्हणताना जिवावर आलं होतं, पण म्हटलं.

मार्चमध्ये गेलो. टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या, ते दिवस टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये पावसाने होई आन या जुन्या गावाच्या गल्ल्यांत पाणी भरतं, आणि पाणी भरलेलं बघायला मुंबई सोडायची गरज नाही. मार्चमध्ये हनोईला भुरभुर असते. छत्री नको, पातळ जॅकेट घ्या.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा देतात. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. शोधलं की वर दिसतात त्यांतल्या बऱ्याच साइट मध्यस्थांच्या असतात आणि पैसे जास्त घेतात. सरकारी पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन'ने संपतो, तेवढं बघा. आपल्याकडे पासपोर्टात नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. फॉर्मात ते जसंच्या तसं लिहा, विमानाच्या तिकिटावरही तसंच. फोटो चष्म्याशिवायचा लागतो. नणंदेने फॉर्मही चष्म्याशिवायच भरला आणि पासपोर्ट नंबरातल्या आठाचा तीन झाला. फी परत मिळत नाही, २५ डॉलर पाण्यात. तीन आठवडे हातात होते म्हणून दुसरा अर्ज निवांत झाला. एकीने भरायचा, दुसरीने मोठ्याने वाचायचा, हा नियम तेव्हापासूनचा. व्हिसाची छापील प्रतही जवळ ठेवा.

निघण्याआधी कार्डाचं बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आपण स्वतः चालू करायचा. बँकेत जन्म काढलेली माझी मैत्रीण नेमकी हेच विसरली आणि हनोईच्या एटीएमसमोर आमच्याकडे बघत राहिली. आम्ही थोडे डॉलर नेले होते, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटांचे.

आता कॉन्ट्री, म्हणजे सगळ्यांनी मिळून काढायचा खर्च. मैत्री मोडते ती इथे, म्हणून सविस्तर सांगते. आम्ही चेनची एक लाल पाकिटवजा पिशवी घेतली, पूर्वी तिच्यात मंगळागौरीच्या फुगड्यांचे घुंगरू असायचे. रोज सकाळी प्रत्येकीने पाच लाख डोंग, म्हणजे तिथलं चलन, टाकायचे. दचकू नका: शेवटची दोन शून्यं झाका आणि तीनाने भागा, साधारण रुपये निघतात. पाच लाख म्हणजे सोळा-सतराशे. टॅक्सी, जेवण, प्रवेशफी पिशवीतून. खरेदी आणि कॉफीचा दुसरा कप स्वतःचा. पिशवी रोज दुसरीकडे, आणि जिच्याकडे पिशवी तिने त्या दिवशी फोटो काढायचे नाहीत. कारण वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाचीही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या गुळगुळीत. दुसऱ्याच दिवशी मी शहाळंवाल्या बाईला विसाच्या जागी पाच लाख दिले आणि पुढे चालू लागले. ती मागून धावत आली, माझ्या हातात नोट कोंबली आणि डोक्याला हात लावून हसली. त्या संध्याकाळपासून पाच लाखाच्या नोटा आतल्या कप्प्यात.

विमानतळावरून हनोई शहरात ८६ नंबरची बस जाते. सामान कमी असेल तर तीच घ्या. आम्ही ग्रॅब, म्हणजे तिथली ॲपवरची टॅक्सी, मागवली आणि तेव्हा कळलं की साध्या गाडीत चौघी बसतात, चार बॅगा बसत नाहीत. सात सीटची मागवा. रस्ता ओलांडताना स्कूटरच्या लोंढ्यात एका संथ चालीने जायचं, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. ते तुम्हाला वळसा घालतात. दादर स्टेशनबाहेर रोज जी धडपड करतो तिच्या अगदी उलट, म्हणून पहिला दिवस कठीण जातो.

आमच्यातल्या दोघी शाकाहारी. तिथे 'चाय' म्हणजे चहा नव्हे, शाकाहार. पाटीवर तो शब्द दिसला की आत शिरा. इतरत्र टोफूवरही माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, पडलेलं असू शकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा चांगली सोय होते. भात कुठेही मिळतो, म्हणून मेतकुटाची बाटली न्याच.

हालाँग बे, म्हणजे समुद्रात डोंगरासारखी बेटं उभी असलेली खाडी, तिथे स्वतः जायच्या फंदात पडू नका. हनोईहून दिवसाची तयार सहल घ्या, बोटीचं ते लोक बघतात.

रेल्वे मात्र स्वतः करा. हनोई ते मध्य व्हिएतनाममधलं ह्यू शहर ६८८ किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. तिकीट रेल्वेच्याच साइटवर आधी काढा. खालचे बर्थ महाग, वरचे स्वस्त, आणि वर चढायला नावापुरती पायरी. कोणाचे गुडघे कसे आहेत ते मुंबईतच विचारून घ्या, प्लॅटफॉर्मवर नको. आम्ही फरकाचे पैसे कॉन्ट्रीतून दिले. वरच्या दोघींना सकाळची कॉफी फुकट.

ह्यू ते दा नांग ही गाडी दिवसाउजेडी घ्या. साधारण तीन तास, हाय वान घाटातून. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे येतो, तर सीट डावीकडची मागा. आम्हाला उजवीकडची मिळाली होती. बोगदा संपला आणि नणंद उठून डब्याच्या टोकाला दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली, लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडणारी बाई, पाऊण तास उभी.

उरलेले डोंग मुंबईत आणू नका, तिथेच संपवा. लाल पिशवीत शेवटी सत्तावीस हजार निघाले. चार शहाळ्यांना पुरत नव्हते, म्हणून एकच घेतलं, चार स्ट्रॉ मागितले.