घाट बंद, प्रवास रद्द: नाशिकला घरबसल्या इलेक्ट्रॉनिक फेस्टिव्हल कसा ऐकायचा

जुलैत कसारा घाटात दरड कोसळली की नाशिकरोडहून निघणारा माणूस घरीच अडकतो. गाडी रद्द झाली असेल तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट आहे आणि तुम्हाला जायचंच नाही, तर ती तुमच्या स्टेशनातून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन दावा, भरा. हे उरकलं की दोन-तीन रात्री मोकळ्या पडतात, आणि बेल्जियममधल्या बूम गावचा टुमॉरोलँड हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरतो तोही जुलैच्या उत्तरार्धातच. गेल्या काही वर्षांत त्याचे सेट, म्हणजे एकेका डीजेचं सलग वादन, यूट्यूबवर थेट दिसतात.

आधी वेळेचा हिशेब. उन्हाळ्यात बेल्जियम आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिथला रात्री नऊचा सेट नाशिकला साडेबाराला सुरू होतो. वेळापत्रकात ‘शनिवार’ लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे तेव्हा रविवार उजाडलेला असतो. बहुतेकांचा सेट हुकतो तो याच घोळामुळे. मार्चअखेरचा अमेरिकेतल्या मायामीचा अल्ट्रा महोत्सव पाहायचा तर फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा हे आपले पहाटेचे साडेतीन. त्यासाठी रात्र जागू नका, लवकर झोपून पहाटे उठा.

मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर हा कारभार चालत नाही. ७२० पिक्सेलचा व्हिडिओ तासाला साधारण एक ते दीड जीबी खातो. नुसता आवाज १२८ केबीपीएसने ऐकला तर तासाला जेमतेम ५८ एमबी लागतात. वायफाय असेल तर राउटरला मिनी यूपीएस लावा, कारण पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. राउटर ९ व्होल्टचा आणि यूपीएस १२ चा, असं जुळवलंत तर राउटर जळू शकतो.

आवाजावर मात्र वेळ घालवा. किकचा, म्हणजे या संगीतातल्या जाड ढोलाचा, मूळ ठोका ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरला तो झेपत नाही; त्यातून नुसती टकटक येते. मग लोक म्हणतात, ‘यात आहे काय, सगळं एकसारखंच!’ वायरवाले साधे पण कानात घट्ट बसणारे इअरफोन यापेक्षा कितीतरी बरे. रबरी टोपण सैल बसलं की बास गळून जातो, म्हणून सोबत आलेली तिन्ही मापं लावून पाहा. मोठा स्पीकर असेल तर भिंतीच्या कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढा, नाहीतर बास घुमतो. गोदरेजच्या कपाटावर तर ठेवूच नका, पत्रा थरथरतो. शिवाय निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा रात्री इअरफोनच.

आता ऐकायचं कसं? मेन स्टेज पहिल्याच रात्री नको. तिथे आतषबाजी आणि तासाभरात कोंबलेले ड्रॉप, म्हणजे ताण वाढवून एकदम ठेका कोसळवायच्या जागा. डोळे दिपतात, कानाला फार काही मिळत नाही. छोट्या स्टेजवरचा दीड-दोन तासांचा हाउस किंवा टेक्नो (दोन्ही सलग ठेक्याच्या नृत्यसंगीताचे प्रकार) यांचा सेट निवडा आणि पुढे न ढकलता ऐका. नाशिक ढोलावर ठेका धरलेला असेल तर मोजणं तुम्हाला शिकवायला नको: किकचे चार ठोके म्हणजे एक आवर्तन, आणि साधारण दर आठ आवर्तनांनी, म्हणजे ३२ ठोक्यांनी, काहीतरी बदलतं. कधी हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) शिरते, कधी बास निघून जातो. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या वेगाला, हे पंधरा सेकंदांत होतं. घड्याळ लावून पाहा.

दोन ट्रॅक जोडले जातात ती जागा पकडा. दोन्हींचे बास एकत्र वाजले तर चिखल होतो, म्हणून डीजे एकाचा बास कापतो आणि मग एका क्षणी अदलाबदल करतो. ही जागा ओळखता आली की सेट उलगडायला लागतो. आवडलेला ट्रॅक शाझॅमला (गाणं ऐकून नाव सांगणाऱ्या ॲपला) सापडला नाही तर मोबाइलला दोष नको. डीजेने वेग बदललेला असतो किंवा ट्रॅक अजून प्रसिद्धच झालेला नसतो. ट्रॅकलिस्टमध्ये अशांपुढे नुसतं ‘आयडी’ लिहितात.

आणि हे सगळं परदेशीच, असं वाटत असेल तर चरणजित सिंग ऐका. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बास सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) वर राग वाजवून ठेवले. त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभा राहिलेला शिकागोचा अ‍ॅसिड हाउस त्यानंतरचा.

प्रत्यक्ष जावंसं वाटलं तर सुरुवात घराजवळून करा. गंगापूर धरणाजवळच्या सुला विनयार्ड्समध्ये सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव २००८ पासून सुरू झाला आणि त्यात इलेक्ट्रॉनिक कलाकारही वाजवून गेलेत. गोव्यात २००७ ला सुरू झालेला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक महोत्सव मधल्या काळात पुण्याला हलला होता. जागा अशा बदलतात, म्हणून तिकीट आणि राहण्याची सोय ठिकाण जाहीर झाल्यावरच बघा. जाताना फोमचे इअरप्लग खिशात असू द्या: चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे.