रोमन नाण्यावरचं जनावर कसं ओळखायचं

मी मंगरूळपीर तालुक्यातला. तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून गोठे फिरलो, त्यामुळे नाण्यावरही माझी नजर आधी खुरांवर जाते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. नाण्याचा उंच भाग आधी झिजतो, तोंड सपाट होतं, पण पाय आणि शेपूट बरेचदा शाबूत राहतात. खूर फाटलेला आहे की पंजा आहे? शेपटीला गोंडा आहे की ती आखूड आहे? शिंगं मागे वळलेली की फांद्या फुटलेली? नाणं हातात असेल तर बॅटरीचा उजेड आडवा पाडा, उठाव दिसतो.

मग जनावराच्या पायाखालची रेघ शोधा आणि तिच्याखाली काय आहे ते वाचा. इ.स. 248 मध्ये सम्राट फिलिपने रोमच्या हजार वर्षांच्या उत्सवासाठी सिंह, लांडगी, बोकड, सांबरासारखी जनावरं असलेली नाणी पाडली. त्याची बायको ओटासिलिया सेवेरा हिच्या नाण्यावर पाणघोडा आहे आणि खाली चार उभ्या रेघा. ती किंमत नाही. टाकसाळीतल्या चौथ्या कार्यशाळेचा तो आकडा. सिंहाखाली एक रेघ, लांडगीखाली दोन. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या नाण्यांवर, रोमच्या दंतकथेतल्या जुळ्या बाळांना पाजणाऱ्या लांडगीच्या वरच्या बाजूला दोन तारे असतात, आणि खाली टाकसाळीची अक्षरं: ‘टीआर’ म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रीअर, पुढचा ‘पी’ म्हणजे पहिली कार्यशाळा, ‘एस’ म्हणजे दुसरी.

शिंगं मोजायला विसरू नका. सम्राट डोमिशियनच्या छोट्या तांब्याच्या नाण्यावर गेंडा आहे, आणि त्याला दोन शिंगं आहेत. आपल्या आसामातला गेंडा एकशिंगी, म्हणजे हा आफ्रिकेतला. या नाण्यावर सम्राटाचा चेहराच नाही, मान गेंड्यालाच दिलाय. मला हे नाणं फार आवडतं.

सगळ्यात वादाचा रोमन सेनापती ज्युलियस सीझरच्या नाण्यावरचा हत्ती, इ.स.पूर्व 49 च्या सुमाराचा. त्याच्या पायापुढे काहीतरी वळवळीत उभं आहे. कोणी त्याला साप म्हणतं, कोणी गॉल लोकांचं, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या तेव्हाच्या लोकांचं, रणशिंग. मला साप वाटतो, कारण हत्तीचा पुढचा पाय त्याच्यावरच पडतोय. तुम्ही स्वतः मोठं करून पाहा.

सरावासाठी घरचाच हत्ती घ्या. आमच्याच तालुक्यात तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. त्यांच्यावरही हत्ती आहे, सोंड वर केलेला. त्याचा फोटो सीझरच्या हत्तीशेजारी ठेवून पाय, कान, सोंड असं एकेक ताडून पाहा.

एक कळकळीची विनंती. नाणं चिंचेने घासू नका. लहानपणी मी एक तांब्याचं जुनं नाणं पितळेच्या गडव्यासारखं चकचकीत केलं आणि त्यावरची अक्षरं कायमची घालवली. हिरवट थर तसाच राहू द्या. आणि वखरताना वावरात नाणी निघाली तर सोनाराकडे नेऊ नका, तहसील कार्यालयात कळवा. 1878 च्या कायद्याप्रमाणे अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.