नटाचं आत्मचरित्र कसं लिहून घ्यावं

अमळनेरला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, दशक्रियेची कार्डं, निवडणुकीत पत्रकं. चार वर्षांपूर्वी एक दिवस आप्पा दुकानात आले. अहिराणी व्हीसीडीच्या जमान्यात खान्देशातल्या प्रत्येक पानटपरीवर ज्यांचा चेहरा चिकटलेला असायचा, ते आप्पा. म्हणाले, "ताई, मन्हं चरित्र टाइप करी दे." मी विचारलं, हस्तलिखित कुठंय? त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

त्यानंतर मी अशी आणखी दोन पुस्तकं उतरवून घेतली. आता नातवंडं येऊन विचारतात, आमच्या आजोबांचं कसं करायचं? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहूनच ठेवते.

एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, तीच 'गीताप्रवचने'. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरातल्यांनी गाणी टिपली म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. नटनट्यांच्या बाबतीत मी एकच पुस्तक आधी वाचायला सांगते: हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका'. त्यांनी सांगितलं, अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. दारू, नवरा, पुरुष, पैसा, काही झाकलेलं नाही, आणि स्वतःलाही सोडलेलं नाही. त्यावरून 'भूमिका' सिनेमा निघाला १९७७ साली, आणि त्यात काम केलं स्मिता पाटीलनं, म्हणजे आपल्या शिरपूरच्या घरातल्या मुलीनं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग आपलंबी तसंच खरं टाकू." हे म्हणणं सोपं असतं.

पहिल्या तीन बैठकांत काहीही खरं मिळणार नाही. हे आधीच गृहीत धरा आणि चिडू नका. नट माणसाचे आयुष्यभर सत्कार होत असतात. शाल खांद्यावर पडली की जी गोष्ट सांगायची, ती घासून घासून गुळगुळीत झालेली असते. ती मध्येच तोडू नका. सगळी रेकॉर्ड करा, चहा प्या, घरी या. आप्पांची सत्काराची गोष्ट अशी होती: घरात अठराविश्वे दारिद्र्य, पोराला मुंबईला जाऊन नट व्हायचंय, तर माऊलीनं घरातला एकमेव तांब्याचा हंडा हातात दिला आणि म्हणाली, जा बाळा, मोड आणि मोठा हो. मी ही गोष्ट पारोळ्याला एका कार्यक्रमात आधीच ऐकली होती. बाया पदराने डोळे पुसत होत्या. मीही पुसले होते.

बैठकीच्या खोलीत बसू नका. तिथं भिंतीवर फोटो असतात, माणूस फोटोसारखं बोलतो. हाताला काम द्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आप्पांच्या ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडायला काढल्या होत्या. मीही सुपात ओंजळभर घेतल्या. शेंगा फोडताना कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही. मोबाइल सुपाच्या शेजारी उलटा ठेवा, विमान मोडवर. पंखा बंद ठेवा, नाहीतर घरी येऊन नुसती घरघर ऐकाल. चाळीस मिनिटं पुरे. तेवढं कागदावर उतरवायला मला चार तास लागतात, आणि ते ज्या दिवशी रेकॉर्ड केलं त्याच रात्री उतरवायचं. दोन दिवस गेले की कोण कुणाविषयी बोलत होतं तेच कळत नाही.

आता प्रश्न. 'आम्ही फार गरीब होतो' हे वाक्य पुस्तकात एकदाही येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. ते आलं की वस्तू विचारायची. भाकरी कशाची? शेवटी कोण जेवायचं? वाण्याकडे उधारी होती का, की उधारीही मिळत नव्हती? (यात फार फरक आहे. ज्याला उधारी मिळते त्याची गावात थोडी पत असते.) आप्पा आधी सांगत होते, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा. आज भरताबरोबर हॉटेलातही कळण्याची भाकरी मिळते, म्हणून आठवणीतसुद्धा तीच येऊन बसते. मी विचारलं, बहात्तरच्या दुष्काळातही कळण्याचीच? त्यांचा हात थांबला. मग निघाली रेशनची लाल मायलो ज्वारी. थापताना फुटायची म्हणून आई तिची घाटच रांधायची. मग निघालं दुष्काळी कामाचं खडी फोडायचं केंद्र, आई हातोडी चालवतेय आणि हा पोरगा सुकडीच्या रांगेत वाटी घेऊन दोनदा उभा राहतोय, दुसऱ्यांदा टोपी काढून, म्हणजे ओळखू येऊ नये. आप्पा त्याला त्यांची पहिली भूमिका म्हणतात.

तारखांवर विश्वास ठेवू नका. त्या पिढीच्या दाखल्यावर जन्मतारीख बहुधा १ जून असते, गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली. त्यापेक्षा दुष्काळाआधी की नंतर, आणीबाणी उठली होती का, 'शोले' तालुक्याला लागला तेव्हा तुम्ही कितवीत, असं विचारत गेलं की वर्ष आपोआप सापडतं.

भाषेचं जरा नीट सांगते, कारण इथं मी स्वतः मार खाल्लाय. निवेदन साध्या मराठीत ठेवा, पण माणसं बोलतील ती अहिराणीतच. आप्पांच्या आईचं एक वाक्य होतं: "पानी पी आन् जपी जाय." घरात काही नाही, पाणी पी आणि झोपून जा. पुस्तक मी तपासायला बाहेर पाठवलं. मुद्रितशोधक भला माणूस, पण नदीपलीकडचा, अहिराणी न येणारा. त्यानं ते केलं, 'पाणी पी आणि जपून जा.' उपाशी पोराला आई जणू एसटीत बसवून देतेय! मी ते न पाहताच पहिल्या पन्नास प्रती काढल्या. त्या पन्नास प्रतींत मी हातानं पेनानं दुरुस्ती केली. तेव्हापासून अहिराणी वाक्यांची यादी वेगळ्या कागदावर, अर्थासकट, सोबत पाठवते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना 'ऱ्हा' आणि 'व्ह' तुटतात, तेही एकदा बघून घ्या.

आता हंड्याकडे येते. मोठ्या प्रसंगाला 'मग काय वाटलं?' असं विचारलंत की नट माणूस अभिनय करतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीचं विचारा. मी आधी विचारलं, हंडा कुठल्या दुकानात मोडला? धुळ्याला. धुळ्याला का, पारोळा जवळ होतं ना? पारोळ्याला ओळखीचे लोक होते म्हणाले. मी काही बोलले नाही, तीन-चार शेंगा फोडल्या. मग विचारलं, "आप्पा, दुसऱ्या दिवशी घरात पाणी कशात भरलं?"

बराच वेळ शेंगांचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "माले काय माहीत. मी चाळीसगावले गाडीमा बठेल व्हतू."

आईनं हंडा दिला नव्हता. पहाटे ती परसाकडे गेली असताना त्यांनी तो गोणपाटात गुंडाळून नेला होता.

अशा वेळी लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. मोबाइलही बंद करू नका. बटण दाबलं की माणूस सावध होतो. आणि ते छापायचं की नाही हे त्या दिवशी ठरवू नका. आप्पांना मी पंधरा दिवस दिले. माझा नियम असा: सांगणाऱ्यानं स्वतःची खोट आधी मांडली, तर दुसऱ्याचीही लिहायचा त्याला हक्क. आप्पांना ज्या निर्मात्यानं तीन कॅसेटांचे पैसे बुडवले त्याच्यावर त्यांनी अकरा पानं सांगितली होती. हंड्याचं प्रकरण आल्यावर ती दीड पानावर आली, आणि नाव त्यांनी स्वतःच गाळलं. हयात माणसांची नावं गाळणं कायद्यानंही बरं. बायकोविषयीचा मजकूर मात्र छपाईआधी बायकोनं वाचलाच पाहिजे. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, दोन ओळी खोडल्या आणि एक वाढवली.

आणि उत्तर सांगणाऱ्याकडेच असेल असं धरून चालू नका. जो निघून गेला त्याला मुंबईचं सगळं आठवतं: कँटीनमधल्या कपबशा, गर्दीच्या दृश्यात दिवसभर उभं राहण्याचे पैसे, दादरच्या पुलाखालची झोप. घरी काय झालं ते घरी राहिलेल्यांना विचारावं लागतं. आखाजी होती म्हणून आप्पांची धाकटी बहीण माहेरी आलेली. हंडा गेला तेव्हा ती दहा वर्षांची. आतल्या खोलीत सांजोऱ्या लाटत बसली होती. मी तोच प्रश्न तिला विचारला. तिनं मान वर न करता सांगितलं, "डालडाना डबामा." शेजारणीचा रिकामा डबा, त्याला तारेची कडी. विहिरीपासून घरापर्यंत तिनं तो वर्षभर वाहिला. तार बोटांत रुतायची म्हणून कडीला चिंधी गुंडाळायची, ती भिजली की बोटं पांढरी पडायची. आई? आई चार दिवस बोलली नाही, मग शेजारणीला सांगू लागली की पोराला हंडा मीच दिला.

म्हणजे सत्काराची गोष्ट आप्पांनी रचलीच नव्हती.

ही दोन पानं मी टाइप करून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, परत पहिल्यापासून वाचली. मग बहिणीच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "तिन्हं नाव नको टाकू. डबा ऱ्हाऊ दे."