परदेशातील लष्करी मोहिमेविषयी संसदेत प्रश्न कसा पोहोचवावा

परदेशात सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही, त्यामुळे सरकारकडून उत्तर मिळवण्याचा मोठा भार प्रश्नोत्तरांवर येऊन पडतो. गोव्यातून लोकसभेवर दोन आणि राज्यसभेवर एकच सदस्य जातो. मडगावच्या रहिवाशाने आपल्या प्रश्नाचा मसुदा दक्षिण गोव्याच्या खासदारांकडे अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा, कारण लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस अगोदर द्यावी लागते.

खरी मेहनत शब्दरचनेची. प्रश्न 150 शब्दांत बसावा आणि त्यात आरोप, युक्तिवाद वा स्वतःचे मत नसावे. ‘आपले सैनिक नागरिकांना वाचवतात का?’ असे विचारले, तर गुळमुळीत उत्तर हमखास येते. त्याऐवजी असे लिहावे: ‘दक्षिण सुदानमधील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर जाणाऱ्या भारतीय तुकड्यांना नागरिकांच्या संरक्षणाचे कोणते प्रशिक्षण दिले जाते आणि तक्रार आल्यास तिची चौकशी कोण करते?’ (असे संरक्षण शांतिसेनेच्या कामात स्पष्टपणे आले ते 1999 मध्ये, सिएरा लिओनच्या मोहिमेत, आणि तेथे भारतीय सैनिकही होते.)

तारांकित प्रश्नावर, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्यावर, उपप्रश्न विचारता येतात, पण दिवसाला असे 20 प्रश्नच यादीत येतात आणि त्यांतलेही थोडेच पुकारले जातात. म्हणून माझ्या मते लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न अधिक भरवशाचा. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आल्यास ते आश्वासन समजले जाते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, म्हणून उत्तराचा क्रमांक व तारीख टिपून ठेवावी.