चिनीत 'चहा पीत गप्पा' कशा माराव्यात

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या चिनीच्या क्लासला येणारी निम्मी पोरं शिरोली एमआयडीसीतून सुटली की थेट येतात, हाताला ऑइलचा वास तसाच. त्यांचे प्रश्नही तिथलेच. "मॅडम, चिनी इंजिनिअर मशीन दुरुस्त करतोय आणि फोनवर पण बोलतोय, हे एका वाक्यात कसं बसवायचं?"

दोन्ही क्रियापदांच्या आधी 'ईप्येन' लावायचं, झालं.

था ईप्येन श्यू चीछी, ईप्येन ता त्येनह्वा.

'था' म्हणजे तो, 'श्यू चीछी' मशीन दुरुस्त करणं, 'ता त्येनह्वा' फोन करणं. कर्ता एकदाच, अगदी सुरुवातीला. मशीन आणि फोन आपापल्या क्रियापदानंतर येतात. आपल्यासारखं क्रियापद शेवटी ओढायचं नाही. दुसरं 'ईप्येन' मात्र गाळू नका. मराठीत 'करत करत' एकदा म्हटलं की भागतं, म्हणून पोरं हमखास तेच खातात.

उच्चाराचं थोडं. पुस्तकात रोमन 'बी' दिसला तरी तोंडातून 'प' काढा. प-फ, त-थ, च-छ हा फरक आपल्या जिभेला लहानपणापासून माहीत आहे, त्याचा फायदा घ्या. 'ई'चा एरवीचा सूर उंच आणि सपाट. पण पुढच्या 'प्येन'चाही तसाच असल्यानं इथं 'ई' वरून खाली पडतो.

क्रियापदं एकाक्षरी असली की 'ई' उडवता येतो. रंकाळ्यावर चालता चालता गप्पा: प्येन त्सोउ प्येन ल्याओ. बोलताना हे जास्त झटकन येतं. चहा पीत गप्पा मारायच्या असतील तर मात्र पूर्ण म्हणा: ईप्येन ह छा, ईप्येन ल्याओथ्येन.

आता खरी गोम. खाऊ गल्लीत उभ्यानं भेळ खाताय, तिथं 'ईप्येन' नको. उभं राहणं हे काही वेगळं काम नव्हे, ती खायची तऱ्हा. म्हणून पहिल्या क्रियापदाला 'च' जोडा: चान्च छ्र, उभ्यानं खाणं. तसंच श्याओच श्वो, हसत हसत सांगणं. आपला 'हसत हसत' बहुतेक वेळा या 'च'कडं जातो, 'ईप्येन'कडं नाही.

गुणांना तर 'ईप्येन' चालतच नाही, तिथं दोन्हींच्या आधी 'योउ' लावा. तांबडा रस्सा तिखटही आणि खमंगही: योउ ला योउ श्यांग.

दोन माणसं दोन कामं करत असतील तर 'त श्रहोउ', म्हणजे 'तेव्हा', वापरा: वो श्यू चीछी त श्रहोउ, था ता त्येनह्वा. मी मशीन दुरुस्त करत होतो तेव्हा तो फोनवर.

'करू नको' म्हणायचं तर 'प्ये' पहिल्या 'ईप्येन'च्याही आधी, एकदाच: प्ये ईप्येन छ्र फान, ईप्येन खान शोउची. जेवताना मोबाईल बघू नको. क्लासला येणाऱ्या आया हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करून घरी नेतात.