उरलेल्या चिकू-कलमाचं बोन्साय: काय चुकलं, काय सुधारलं

पावसाळा सरला की नर्सरीत वाकडी, उरलेली चिकूची कलमं स्वस्तात मिळतात. बोन्सायला वाकडंच बरं. फक्त जोड पाहून घ्यावा. चिकूचं कलम बहुधा खिरणीच्या (चिकूच्या नात्यातलं झाड) खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या खोडावर बांधतात; दोन्ही जुळतात तो हा जोड. दोन्हींची जाडी सारख्या गतीनं वाढत नाही, त्यामुळे जोड वीतभर उंच असेल तर तो गोळा कायमचा नजरेत खुपतो. चार-पाच सेंटिमीटरवरचा जोड चालतो, त्याची बरी बाजू पुढे घ्यायची.

जोडावरची प्लॅस्टिक पट्टी आधी कापली. ती खोडात रुतत होती.

मोठी चूक म्हणजे मुळं आणि शेंडा एकाच दिवशी छाटणं. पानं गळाली. आता शेंडा फेब्रुवारीअखेर, आणि मुळं जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. पिशवीत गोल फिरलेली मुळं काढायची, पण एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. मिश्रण: 3 ते 6 मिमी विटांचे तुकडे 2 भाग, जाड वाळू 1, कुजलेलं शेणखत 1. कुंडी आधी 12 सेंमी खोल. उथळ ट्रे दोन वर्षांनी.

जोडाखालचे फुटवे लगेच खुडावेत, नाहीतर खिरणीच झाड बळकावते. (तिचं पान टोकाशी खाचदार असतं.) कापल्यावर येणारा चीक पाण्यानं धुवावा.

फुलं शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत येतात, म्हणून सतत शेंडे खुडले तर फळ विसरा. फळ मात्र नेहमीच्याच आकाराचं होतं, त्यामुळे एकच ठेवावं.